हसवणारी लाकडी यंत्रं



आज शिवणयंत्रापासून सुरुवात करू. आपण चाक गोल फिरवतो, पण सुई मात्र वरखाली होते. ही किमया कशी होते, ते आपल्यापैकी कितीजणींनी झाकण उघडून पाहिलंय? हीच किमया लाकडात उतरवून लोकांना हसवणारे कारागीर इंग्लंडमध्ये आहेत. त्यांची ही गोष्ट. आणि त्यांना जगापुढे आणणाऱ्या एका दुकानदार बाईची.

आपोआप हलणाऱ्या बाहुल्या तशा जुन्याच. १७७४ साली स्वित्झर्लंडमधल्या जाके-द्रो या घड्याळजी घराण्यानं कागदावर खरोखर अक्षरं लिहिणारा एक मुलगा तयार केला. त्यात सुमारे सहा हजार भाग आहेत. पण असली नवलाई राजेरजवाड्यांसाठी. शिवाय यंत्र पोटात लपवलेलं. बघणाऱ्यानं फक्त तोंडात बोट घालायचं.

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा मुलूख आहे. तिथल्या फॅलमथ या बंदराच्या गावात १९७९ साली सू जॅक्सन यांनी 'कॅबरे' नावाचं दुकान काढलं. विणलेले कपडे, मातीची भांडी, लाकडी खेळणी असा हातकामाचा माल. पीटर मार्की हे चित्रकलेचे शिक्षक त्यांच्याकडे साधी लाकडी खेळणी देत. पॉल स्पूनरही मूळचे चित्रकलेचेच, मध्ये ट्रकही चालवलेले. सूताईंनी दोघांना हलणारी यंत्रं करायला प्रोत्साहन दिलं.

स्पूनरांच्या एका यंत्रात मांजर मजेत दूध चाटतं आणि एकाएकी मरून पडतं. कामाचं नाव 'विषारी दूध'! दुसऱ्यात एक माणूस न्हाणीच्या टबात बसून शेवयांसारखी लांबलचक स्पॅगेटी खातोय. खाली दांडा, त्यावर वेड्यावाकड्या कडांच्या लाकडी चकत्या. चकतीचा उंचवटा आला की वरची काडी उचलली जाते, खळगा आला की खाली येते. काडी हलली की बाहुली हलते. यातलं काहीच लपवलेलं नाही. लहान मूलही वाकून बघतं आणि म्हणतं, "अस्सं होय!"

आता खरी गोष्ट. वस्तू विकली की गिऱ्हाइकाच्या घरी जाते, बाकीच्यांना दिसत नाही. सूताईंनी काही यंत्रं विकलीच नाहीत, जपून ठेवली. पुढे दुकान मिटलं आणि त्या संग्रहाचंच प्रदर्शन झालं. १९८०च्या दशकात ते लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये गेलं. 'कॅबरे मेकॅनिकल थिएटर' हे त्याचं नाव. २००० साली ती जागा सुटली, पण यंत्रं फिरत्या प्रदर्शनांतून देशोदेशी जात राहिली. सूताई २०१६ मध्ये गेल्या. त्यांच्यामागे मुलीनं काम सांभाळलं.

मैत्रिणींनो, सूताईंचं नाव यंत्र घडवणारी म्हणून घेतलं जात नाही. पण त्यांनी हात ओळखले, "अजून कर" म्हटलं आणि चांगली वस्तू राखून ठेवली. आपल्या गटातही गोधडी, टोपल्या, बाहुल्या करणाऱ्या बायका आहेत. त्यांचं काम बाजाराच्या दिवशी विकून संपतं. नंतर आपल्या मुलींना दाखवायला एकही नमुना उरत नाही. प्रत्येकीचं एकतरी उत्तम काम गटाच्या खोलीत ठेवलं तर?

आणि हो, आज संध्याकाळी पोरांना जवळ बसवून शिवणयंत्राचं झाकण जरूर उघडा.