सार्वजनिक शिक्षणातील पर्यायी शाळा : निवड कोणाच्या वाट्याला?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सरकारी शाळेचा प्रवेश परंपरेने घराच्या पत्त्यावरून ठरत आला आहे. ज्या वस्तीत कुटुंब राहते, त्या वस्तीला नेमून दिलेली शाळा हीच मुलाची शाळा. या रीतीला अपवाद म्हणून, वेगळ्या अध्यापनपद्धतीने चालणाऱ्या ज्या सार्वजनिक शाळा निघाल्या, त्यांना ‘पर्यायी शाळा’ म्हणतात. पालकांना अनेक सार्वजनिक शाळांमधून एक निवडण्याची मुभा देणाऱ्या व्यवस्थेला ‘निवड-योजना’ म्हणतात. अशा शाळांचा खर्च करांतून भागतो आणि विद्यार्थ्यांकडून शुल्क घेतले जात नाही.

आरंभ

१९६९ साली फिलाडेल्फिया शहरात ‘पार्कवे’ उपक्रम सुरू झाला. त्याला स्वतःची पारंपरिक शालेय इमारत नव्हती. विद्यार्थी संग्रहालयांत, कचेऱ्यांत व शहरातील इतर संस्थांत जाऊन शिकत. प्रवेश गुणांवर नव्हे, तर सोडतीने दिला जाई. १९७१ मध्ये मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल येथे पालकांच्या पुढाकाराने ‘ओपन स्कूल’ उघडले. एकाच साच्याचे शिक्षण सर्व मुलांना मानवत नाही, ही जाणीव या दोन्ही प्रयोगांमागे होती.

निवडीची काळी बाजू

निवडीचा इतिहास मात्र सर्वस्वी उज्ज्वल नाही. वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरविणारा निकाल १९५४ साली लागला. त्यानंतर दक्षिणेकडील अनेक जिल्ह्यांनी ‘निवडीचे स्वातंत्र्य’ या नावाखाली जुनी विभागणी टिकवून धरली. व्हर्जिनियातील न्यू केंट परगण्यात अशी योजना तीन वर्षे चालली. त्या काळात एकाही गोऱ्या मुलाने कृष्णवर्णीयांची शाळा निवडली नाही, आणि सुमारे ८५ टक्के कृष्णवर्णीय मुले जुन्याच शाळेत राहिली. भेद मोडण्याचे जे कर्तव्य शाळा मंडळाचे होते, त्याचा भार योजनेने पालकांच्या खांद्यावर टाकला, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ च्या निकालात दाखवून दिले.

पुढे हेच साधन उलट हेतूने वापरण्यात आले. विज्ञान, कला अशा विशेष विषयांच्या आकर्षणाने सर्व वर्णांची मुले स्वेच्छेने एकत्र यावीत, यासाठी ‘मॅग्नेट’ म्हणजे लोहचुंबक शाळा काढण्यात आल्या. १९७० च्या दशकात त्यांचा विशेष प्रसार झाला.

ईस्ट हार्लेमचा अनुभव

न्यूयॉर्क शहरातील ईस्ट हार्लेम ही गरीब, बहुसंख्येने पोर्तो रिकन व कृष्णवर्णीय कुटुंबांची वस्ती. १९७३ साली शहरातील ३२ शालेय विभागांत वाचनाच्या बाबतीत येथील चौथा विभाग सर्वांत शेवटी होता. विभागप्रमुख अँथनी अल्वाराडो यांनी शिक्षकांना स्वतःच्या कल्पनेनुसार लहान शाळा काढण्याची मोकळीक दिली. १९७४ मध्ये डेबोरा मायर यांनी ‘सेंट्रल पार्क ईस्ट’ ही प्राथमिक शाळा सुरू केली. एकाच इमारतीत दोन-तीन शाळा नांदू लागल्या. सुमारे दहा वर्षांत हा विभाग शेवटच्या स्थानावरून मध्यापर्यंत आला. या प्रगतीत अधिक अनुदानाचा व बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांचाही वाटा होता, असे टीकाकार म्हणतात, आणि तो मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नाही.

येथील एक व्यवस्था विशेष लक्षणीय होती. १९८० च्या दशकाच्या आरंभी माध्यमिक टप्प्यावर नेमून दिलेली शाळा ही कल्पनाच रद्द झाली आणि प्रत्येक विद्यार्थ्याला निवड करावी लागू लागली. त्यामुळे जाणत्या पालकांनी चांगल्या शाळा घ्याव्यात आणि उरलेली मुले आपोआप उरलेल्या शाळेत जावीत, हा प्रकार बराच आवरला गेला.

मिनेसोटाचे कायदे

१९८८ मध्ये मिनेसोटाने विद्यार्थ्यांना जिल्ह्याबाहेरील सरकारी शाळेत जाण्याचा मार्ग मोकळा केला. १९९१ मध्ये तेथेच देशातील पहिला ‘चार्टर’ शाळांचा कायदा झाला. चार्टर शाळा ठरावीक कराराने, बरीचशी स्वायत्त चालते. करार पाळला नाही तर ती बंद होऊ शकते. १९९२ साली सेंट पॉलमध्ये उघडलेली पहिली चार्टर शाळा, ‘सिटी अकॅडमी’, शाळा सोडलेल्या तरुणांसाठी होती.

कॅथलिक शिक्षणाशी संबंध

सर्व मुलांना सरकारी शाळांची सक्ती करणारा ऑरेगन राज्याचा कायदा १९२५ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. त्या खटल्यात कॅथलिक धर्मभगिनींचा एक संघ वादी होता. पालकांना शाळा निवडण्याचे खरे स्वातंत्र्य असावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ च्या ख्रिस्ती शिक्षणविषयक घोषणापत्रात प्रतिपादिले.

तथापि सार्वजनिक शाळा धार्मिक असू शकते काय, हा प्रश्न निराळा आहे. ओक्लाहोमा सिटी महाधर्मप्रांत व टल्सा धर्मप्रांत यांनी योजलेल्या संत इसिदोर ऑनलाइन चार्टर शाळेला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती २०२४ मध्ये रद्द ठरविली. मे २०२५ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयात मते ४-४ अशी समान विभागली गेली, त्यामुळे राज्याचा निकाल कायम राहिला. परंतु देशव्यापी दंडक ठरला नाही.

समारोप

केवळ मुभा दिल्याने निवड सर्वांची होत नाही. शाळांची माहिती घरोघरी पोहोचावी लागते, जाण्यायेण्याची सोय लागते, आणि जागा अपुऱ्या असतील तेथे प्रवेश सोडतीने व्हावा लागतो. यांपैकी एक गोष्ट जरी उणी पडली, तरी निवड ज्यांच्याजवळ आधीच वेळ, वाहन व ओळखी आहेत त्यांच्याकडे जाते. म्हणून कोणतीही निवड-योजना पारखताना, जिच्या आईवडिलांना अर्जही भरता येत नाही अशा मुलीला ती कोणत्या शाळेत नेऊन पोहोचविते, हे प्रथम पाहावे.