उतारावर थांबवलेले ओझे

अमरावती जिल्ह्यात धामणगावे दोन आहेत. धामणगाव गढी हे परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे जाताना डोंगराच्या पायथ्याशी लागते. धामणगाव रेल्वे आहे भुसावळ-नागपूर मार्गावर, बडनेरा आणि पुलगाव यांच्या दरम्यान, कापसाच्या सपाट शिवारात. एका धामणगावावरून ओझी डोंगर चढली, तर दुसऱ्यावरून निघालेली ओझी मुंबई गाठण्यासाठी सह्याद्री उतरली. ही ओझी कोणी ओढली याच्या नोंदी सापडतात. चढावर ती जागच्या जागी धरून कोणी ठेवली, हे मात्र कोणी लिहून ठेवले नाही. आणि जिवाला खरा घोर त्याच कामात असे.

७ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांच्या दोन फौजा एलिचपूरहून, म्हणजे आजच्या अचलपूरहून, गाविलगडाकडे निघाल्या. आर्थर वेलस्ली देवगावमार्गे किल्ल्याच्या दक्षिण अंगाला गेला. कर्नल स्टीव्हन्सन धामणगाववरून डोंगरात शिरला. वळसा घालून त्याला किल्ल्याच्या उत्तरेच्या लाबाडा गावाजवळ तोफा पोचवायच्या होत्या. तोफा जातील असा रस्ता नव्हता. सैनिकांनी आधी वाट करायची आणि मग त्याच वाटेने दऱ्याखोऱ्यांतून तोफा हातांनी ओढायच्या, असे १२ तारखेपर्यंत चालले. १८ पौंडी लोखंडी तोफेची नुसती नळीच सुमारे दोन टनांची. दोर ओढणाऱ्यांना दम लागला की थांबावे लागणार, आणि दोर सैल पडला की तोफ मागे येणार. म्हणजे प्रत्येक विसाव्याला कोणीतरी वाकून चाकामागे दगड किंवा ओंडका सरकवणे आलेच, तेही तोफेच्या खालच्या बाजूला उभे राहून. १५ डिसेंबरला गड पडला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड नागपूरकर भोसल्यांच्या हातून गेला. वाकलेल्या त्या माणसांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही.

त्या काळी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून थेट मिर्झापूरपर्यंत जाई. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि सगळी वाहतूक स्टेशनांकडे वळली. पठारावरच्या यवतमाळला सर्वात सोयीचे स्टेशन धामणगाव. बाभूळगाववरून, बेंबळा नदी ओलांडून कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, इथे येत. वऱ्हाड सपाट म्हणतात, पण बंडी हाकणाऱ्याला तसे म्हणता आले नसते. काळ्या मातीत नाल्यांनी कापलेल्या दरडी हेच इथले घाट, लांबीने छोटे आणि चढाला उभे. वीस फुटांत एक फूट चढ असला, तर एक टनाचे ओझे सुमारे ५० किलोच्या जोराने खाली ओढले जाते. नाल्यात उतरताना गाडी बैलांच्या अंगावर येते, म्हणून आऱ्यांमध्ये लाकूड अडकवून किंवा साखळीने चाक बांधून ती घसरत न्यायची. पलीकडे चढताना एक माणूस दगड हातात घेऊन मागे चालणार. बैल थबकले की दगड चाकाखाली.

धामणगावात गाठी डब्यात चढल्या की हाच प्रश्न अधिक मोठ्या आकारात पुढे उभा राही. मुंबईच्या वाटेवर थळ घाट. कसारा ते इगतपुरी हा मार्ग १ जानेवारी १८६५ रोजी सुरू झाला, आणि त्याचा सर्वात तीव्र चढ ३७ फुटांत एक फूट. बैलगाडीच्या मानाने हा चढ सौम्य वाटेल. पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर जवळपास विरोधाशिवाय फिरते, त्यामुळे तेथे सुटलेला डबा आपोआप थांबत नाही. म्हणून घाटात चढावर जाणारे वेगळे रूळ टाकले, कॅच साइडिंग. सुटलेली गाडी त्या चढावर धावून दमते.

उभ्या डब्याची काळजी तर सपाट स्टेशनातही घ्यावी लागते. ४०० फुटांत एक फूट हा उतार डोळ्यांना दिसतही नाही. त्यावर एका टनाला खाली खेचणारे बळ अवघे अडीच किलो, तरीही रोलर बेअरिंगचा डबा हलायला तेवढे पुरू शकते. म्हणूनच रेल्वेचे नियम नव्या यार्डाला १२०० फुटांत एक फूट एवढाच उतार सुचवतात, आणि ४०० मध्ये एकपेक्षा तीव्र उतार खास मंजुरीशिवाय देऊ देत नाहीत. शिवाय हँडब्रेक, साखळी-कुलूप आणि चाकाखाली लाकडी पाचर आहेच.

हा कर्मठपणा नाही. ६ जुलै २०१३ च्या पहाटे कॅनडातल्या लाक-मेगांटिक गावात काय झाले ते आठवावे. ७२ टाक्यांमध्ये खनिज तेल भरलेली मालगाडी गावाच्या वर, १.२ टक्के उतारावर रात्रीपुरती उभी केली होती. हँडब्रेक सातच आवळले होते. बाकी भिस्त इंजिनाच्या हवेच्या ब्रेकवर. इंजिनाला आग लागली, ती विझवताना इंजिन बंद झाले, हवा हळूहळू गळाली आणि गाडी चालकाविना गावात उतरली. ४७ माणसे गेली. थळ घाटाचा चढ त्या उताराच्या दुपटीहून अधिक आहे.

ट्रकांमध्ये आता या धोक्यावर उलट्या रचनेचा उपाय असतो. हवेचा दाब स्प्रिंगला दाबून धरतो. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक आवळला जातो. भरलेला ट्रक पार्किंग ब्रेकने १८ टक्के चढावर उभा राहिलाच पाहिजे, असे संयुक्त राष्ट्रांची वाहन नियमावली सांगते. तरीही मेळघाटातून सागवान घेऊन परतवाड्याला उतरणाऱ्या ट्रकाच्या चालकाने थांबताना गाडी गियरमध्ये ठेवावी, पुढची चाके डोंगराकडे वळवावी आणि उताराच्या बाजूने ठोकळा चाकाला भिडवावा, यात जास्तीचे काही नाही. स्प्रिंगही थकते, घासपट्ट्याही झिजतात.

यात सर्वात उघडी राहिली ती ट्रॅक्टरची ट्रॉली. कापसाच्या हंगामात धामणगावच्या बाजारात आणि जिनिंगच्या फाटकांवर ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. बहुतेकींना स्वतःचा ब्रेकच नसतो. ट्रॅक्टर सोडवून नेला की ती उभी राहते फक्त चाकाखाली जे असेल त्याच्या बळावर: वीट, दगड, नाहीतर काहीच नाही. दगड लावणारा घाईत निघून जातो आणि तोच दगड रात्री एखाद्या दुचाकीच्या चाकाखाली येतो. लाकडी पाचरांची जोडी दोरीने ट्रॉलीलाच बांधलेली असली, तर दोन्ही अपघात टळतील. सुताराचे हे अर्ध्या तासाचे काम आहे. ट्रॉली विकणाऱ्याने ही जोडी सोबत द्यावी आणि बाजार समितीने फाटकावर ती तपासावी.