युद्धानंतर जन्मलेलीं मुलें

तहनाम्यावर सह्या झाल्या म्हणजे युद्ध संपतें, अशी आपली समजूत असते. शाळेंतल्या सनावळ्यांनीं ती दृढ केलेली असते. व्हिएतनामच्या युद्धांत १९७३ सालीं पॅरिस येथें तह झाला, १९७५ सालीं सायगाव पडलें आणि इतिहासकारानें प्रकरण मिटविलें. परंतु ह्या युद्धाचे कांहीं जखमी त्यानंतर पुष्कळ वर्षांनीं जन्मास आले. त्यांच्या भेटीस जावयाचें तर त्यांना जखमी करणाऱ्या विषाची हकीकत अगोदर समजून घेतली पाहिजे.

दाट अरण्यांत शत्रु दिसत नाहीं, म्हणून अरण्यच नाहींसें करावें, हा विचार ब्रिटिशांनीं मलायांत लहान प्रमाणावर आचरून पाहिला होता. अमेरिकेनें १९६२ ते १९७१ ह्या काळांत दक्षिण व्हिएतनामवर विमानांतून सात कोटि लिटरांहून अधिक वनस्पतिनाशक द्रव्य फवारलें. अरण्यांबरोबर भाताचीं शेतेंही त्यांतून सुटलीं नाहींत. पिपांवरील पट्ट्याच्या रंगावरून त्याच्या मुख्य प्रकारास ‘एजंट ऑरेंज’ हें नांव पडलें. त्याचे दोन्ही घटक मुळांत शेतांतील तण मारण्याच्या कामाचे. घात केला तो तिसऱ्यानें. त्यांतील एक घटक कारखान्यांत तयार होत असतां डायॉक्सिन नांवाचें जहाल विष अत्यल्प प्रमाणांत त्यांत उतरतें. तें पाण्यांत विरघळत नाहीं. तळ्याच्या गाळांत, माशाच्या व बदकाच्या चरबींत आणि अखेर मातेच्या दुधांत तें साठून राहतें. त्याच घटकानें उंदरांच्या गर्भांत व्यंगें उत्पन्न होतात, असें १९६९ सालीं उघडकीस आलें, तेव्हां कोठें पुढील वर्षीं ह्या द्रव्याचा वापर थांबविण्याचा हुकूम झाला.

हनोइ शहराच्या सीमेवर ‘मैत्री-ग्राम’ नांवाची एक वसाहत आहे. ह्याच युद्धांत लढलेल्या जॉर्ज मिझो ह्या अमेरिकन सैनिकाच्या कल्पनेंतून ती उभी राहिली व १९९८ सालीं सुरू झाली. पीडित मुलें आणि व्हिएतनामचे वृद्ध सैनिक तेथें एकाच आवारांत येऊन राहतात. मुलांना लिहिणें-वाचणें, शिवणकाम, भरतकाम, कापडाचीं फुलें करणें असे उद्योग शिकविले जातात. येथें येणारा पाहुणा बहुधा करुणा बरोबर घेऊन येतो. परंतु सुई ओवण्यांत गुंतलेल्या मुलीस त्या करुणेचा उपयोग काय? तिला आपला टांका सरळ आला कीं नाहीं, एवढेंच विचारावयाचें असतें. १९८१ सालीं जोडलेल्या देहांनीं जन्मलेले व्हिएत आणि दुक हे भाऊ १९८८ सालीं शस्त्रक्रियेनें वेगळे झाले. व्हिएत २००७ सालीं वारला. दुकनें मात्र जेथें ही शस्त्रक्रिया झाली त्याच तू-यू रुग्णालयांत नोकरी केली आणि संसार थाटला. अशा माणसास केवळ दयेचा विषय समजणें हा त्याचा अपमानच नव्हे काय?

दयेहून अवघड प्रश्न न्यायाचा आहे. अमुक एका मुलाचें व्यंग ह्या विषामुळेंच झालें, असें कोणत्याही वैद्यास छातीठोकपणें सांगतां येत नाहीं. अशीं व्यंगें विषावांचूनही होतात. ही अडचण खरी आहे. तथापि अमेरिकेनें १९९१ च्या कायद्यानें आपल्या सैनिकांचे कांहीं रोग ह्या द्रव्यामुळें झाले असें गृहीत धरलें, आणि १९९६ सालीं, पाठीच्या कण्याचें जन्मजात व्यंग असलेल्या त्यांच्या मुलांनाही साहाय्य मंजूर केलें. तेथें प्रत्येकाकडून स्वतंत्र पुरावा मागितला नाहीं. उलट व्हिएतनामी पीडितांनीं कारखानदारांवर आणलेला दावा न्यूयॉर्कच्या न्यायालयानें २००५ सालीं फेटाळला. त्या काळच्या आंतरराष्ट्रीय कायद्यानें हें द्रव्य निषिद्ध नव्हतें, आणि कार्यकारणभावही सिद्ध झाला नाहीं, अशीं कारणें दिलीं. २००९ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो दावा ऐकण्याचेंच नाकारलें. पुढें अमेरिकेच्या पैशानें दा नांग येथील विमानतळाची माती शुद्ध करण्यांत आली, व्यंग असलेल्यांसाठीं मदतही आली. परंतु ती मदतच राहिली, भरपाई झाली नाहीं.

एकच द्रव्य, एकच संशय. परंतु संशयाचा फायदा एका देशाच्या मुलाला आणि दुसऱ्या देशाच्या मुलाकडे मात्र पुराव्याचा आग्रह, हा भेद विज्ञानानें केलेला नाहीं. मैत्री-ग्रामास भेट देणाऱ्यानें मुलांसाठीं खाऊ जरूर न्यावा. पण परततांना हा प्रश्न बरोबर आणावा. मुलांचे अश्रु पुसणें दयाळू माणसांना साधतें. त्यांचा हक्क मान्य करणें हें राष्ट्रांचें काम आहे, आणि तें अद्याप शिल्लक आहे.