ऐतिहासिक चित्रपटांतील तोफा व बंदुका : शस्त्र-अभ्यासकाच्या दृष्टीतून एक विचार

प्रस्तावना :

महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या मनातील मध्ययुगीन महाराष्ट्र आज ग्रंथांपेक्षा चित्रपटांनी अधिक घडविलेला दिसतो. इतिहासाच्या अध्यापकाला या वस्तुस्थितीकडे दुर्लक्ष करून चालत नाही. पात्रांची वेशभूषा, भाषा आणि घटनाक्रम यांवर चित्रपटांच्या संदर्भात बरीच चर्चा होते. परंतु पडद्यावरील तोफा-बंदुकांची चिकित्सा क्वचितच केली जाते. जुन्या शस्त्रांचा अभ्यासक चित्रपट पाहतो तेव्हा त्याला प्रामुख्याने एक उणीव जाणवते. शस्त्राचा आकार बहुधा बरोबर असतो; मात्र ते चालविण्यास लागणारा वेळ आणि श्रम पडद्यावरून नाहीसे झालेले असतात. या उणिवेचा इतिहासाच्या आकलनावर काय परिणाम होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अहमदनगर आणि मुलूखमैदान तोफ :

या विचाराचा प्रारंभ अहमदनगरपासून (आजचे अहिल्यानगर) करणे उचित ठरते. विजापूरच्या शेर्झा बुरुजावरील प्रसिद्ध मुलूखमैदान तोफ ही मूळची नगरची. बुऱ्हाण निजामशहाच्या कारकिर्दीत इ.स. १५४९ मध्ये महंमद बिन हुसेन रूमी या कारागिराने ती येथे ओतली. सुमारे १४ फूट लांबी, सुमारे २८ इंच व्यासाचे तोंड आणि अंदाजे ५५ टन वजन असलेली ही तोफ पुढे परंड्याच्या किल्ल्यात होती. तेथून १६३२ मध्ये ती विजापूरला नेण्यात आली. ती ओढण्यासाठी १० हत्ती आणि ४०० बैल लागले, असे परंपरेने सांगितले जाते. हा आकडा अक्षरशः न घेतला तरी त्याचा आशय स्पष्ट आहे. मोठी तोफ जेथे न्यावयाची तेथवरचा मार्ग, जनावरे, दोर, चारा आणि दिवस या सर्वांची तजवीज आधी करावी लागे. तोफेची कथा तिचा बार उडण्याच्या कितीतरी आधी सुरू होते.

'तान्हाजी' चित्रपटातील 'नागीण' :

२०२० साली प्रदर्शित झालेल्या, ओम राऊत दिग्दर्शित 'तान्हाजी' या चित्रपटात उदयभान 'नागीण' नावाची प्रचंड तोफ कोंढाण्यावर आणतो आणि तिचे लक्ष्य राजगड असते. ही तोफ काल्पनिक आहे. तथापि तिच्या काल्पनिकतेपेक्षा ती कल्पना किती शक्य होती, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. कोंढाणा आणि राजगड यांमधील सरळ हवाई अंतर सुमारे १५ किलोमीटर भरते. सतराव्या शतकातील कोणत्याही तोफेचा पल्ला इतका नव्हता. तटाला खिंडार पाडण्यासाठी तर तोफ याहून फारच जवळ आणावी लागे.

तोफ डोंगरावर चढविणे म्हणजे काय, याचा पुरावा १६६५ च्या पुरंदरच्या वेढ्यात मिळतो. मिर्झाराजे जयसिंगाच्या पत्रव्यवहारावरून असे दिसते की, वज्रगडासमोर 'अब्दुल्लाखान' ही तोफ चढविण्यास ३ दिवस आणि 'फत्तेलष्कर' ही चढविण्यास साडेतीन दिवस लागले. या तोफांच्या माऱ्याने बुरूज ढासळला, वज्रगड पडला, पुरंदर धोक्यात आला आणि अखेरीस तह झाला. या तहात कोंढाणा मोगलांकडे गेला. म्हणजे तानाजी मालुसऱ्यांना कोंढाणा पुन्हा का घ्यावा लागला, या प्रश्नाच्या उत्तरात संथपणे वर चढविलेल्या खऱ्या तोफा आहेत. चित्रपटातील 'नागीण' ही कारणपरंपरा झाकून टाकते.

तोड्याची बंदूक आणि रात्रीचा छापा :

तोड्याची बंदूक भरताना नळीत दारू ओतावी लागे, गोळी घालून गजाने ठासावी लागे, पेल्यात रंजक भरावे लागे आणि पेटता तोडा सांभाळत नेम धरावा लागे. सराईत हातालाही मिनिटाला एक-दोन बारांपलीकडे जाणे कठीण होते. दारू दमट झाली तर बार फुकट जाई. बार उडाला तर धुराने पुढचे दिसेनासे होई. पडद्यावर मात्र बंदुका पाठोपाठ उडतात, धूर क्षणात विरतो आणि तोफेचा प्रत्येक गोळा ज्वाळांसह फुटतो. वास्तविक तटावर मारला जाणारा गोळा बहुधा दगडी वा लोखंडी, भरीव असे. तो फुटत नसे, आपल्या वजनाने व वेगाने भिंत फोडीत असे.

ही गती मान्य केली तर ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीचा छापा अनाकलनीय ठरतो. अंधारात गोलंदाजाला लक्ष्य दिसत नाही आणि हातघाईच्या लढाईत दुसरा बार भरण्यास अवधी मिळत नाही. दोराने कडा चढून जाणे हे केवळ साहस नव्हते. त्यात शत्रूच्या शस्त्राची मर्यादा ओळखणारी बुद्धीही होती. तोफ-बंदूक सर्वशक्तिमान दाखविल्याने वीराचे शौर्य वाढल्यासारखे वाटते. परंतु त्याची युद्धनीती लोप पावते.

दिग्दर्शकाची बाजू :

येथे दिग्दर्शकाच्या अडचणींचीही नोंद घेतली पाहिजे. चित्रीकरणस्थळी शस्त्र हाताळणे धोक्याचे असते. 'द क्रो'च्या चित्रीकरणात १९९३ मध्ये अभिनेता ब्रँडन ली, तर 'रस्ट'च्या चित्रीकरणात २०२१ मध्ये छायाचित्रणकार हॅलिना हचिन्स यांना प्राण गमवावे लागले. त्यामुळे प्रतिकृती व संगणकीय दृश्ये यांचा अवलंब योग्यच आहे. परंतु प्रतिकृतीलाही गज आणि तोडा देता येतो. शिवाय विलंब हा नाट्याचा शत्रू नव्हे. बंदूक भरून होईपर्यंतचे क्षण उत्कंठावर्धक असू शकतात. नगरच्या किल्ल्याला १५९५-९६ मध्ये पडलेला मोगलांचा वेढा याचे उत्तम उदाहरण आहे. सुरुंगांचा शोध घेऊन त्यांतील दारू काढली जात असतानाच एक सुरुंग उडाला, तटाला खिंडार पडले आणि चांदबिबीने ते रातोरात बुजवून घेतले. या प्रसंगातील सारे नाट्य वेळेशी चाललेल्या झुंजीत आहे.

समारोप :

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, पडद्यावरील शस्त्राची चूक ही केवळ तपशिलाची चूक नसते. ती कार्यकारणभावाची चूक ठरते. अध्यापकांनी अशा चित्रपटांकडे पाठ फिरविण्याऐवजी त्यांतील एखादा प्रसंग वर्गात दाखवून तीन साधे प्रश्न विचारावेत : ही तोफ येथे कशी आली? दुसरा बार भरण्यास किती वेळ लागला? आणि तोवर समोरचा शत्रू काय करीत होता? या प्रश्नांची उत्तरे शोधताना विद्यार्थी चित्रपटाकडून साधनांकडे आणि साधनांकडून किल्ल्याच्या तटाकडे आपोआप वळेल.