बोरघाटाची रेल्वे-चढण आणि बांधकाम व्यवस्थापनाचा प्रश्न (१८५६-१८६३)

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील रेल्वेच्या इतिहासलेखनात बोरघाटाचे स्थान मोठे आहे. तथापि या लेखनात दोनच प्रकारच्या व्यक्तींचा उल्लेख विस्ताराने आढळतो. पहिली व्यक्ती आराखडा तयार करणारा अभियंता, आणि दुसरी उद्घाटन करणारा गव्हर्नर. या दोहोंच्या मधे ज्याने प्रत्यक्ष काम उभे केले, म्हणजे माणसे गोळा केली, त्यांना पगार वाटला, सुरुंगाची दारू, चुना व पाणी वेळेवर पोहोचविले, तो बांधकाम व्यवस्थापक मात्र इतिहासात जवळजवळ अनुल्लेखित राहिला आहे. बोरघाटाचे काम रखडले ते आराखड्यातील दोषामुळे नव्हे, तर मुख्यतः व्यवस्थापनातील दोषामुळे. आणि ते पूर्ण झाले तेही व्यवस्थापन बदलल्यामुळे, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

कामाचे स्वरूप :

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे मार्ग सुरू झाल्यानंतर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीपुढे खरा प्रश्न सह्याद्रीचा होता. कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कले यांनी निश्चित केलेली बोरघाटाची चढण सुमारे पावणेसोळा मैल लांबीची असून तीत १,८३१ फूट उंची गाठावयाची होती. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांस १ फूट असा होता. २५ बोगदे, ८ मोठे दगडी कमानींचे पूल आणि गाडीची दिशा उलटविण्यासाठी एक स्वतंत्र स्थानक, असा हा आराखडा होता. अभियांत्रिकी दृष्टीने तो धाडसी होता यात शंका नाही.

परंतु आराखडा कागदावर असतो व डोंगर जागेवर. काळा कातळ हातानेच फोडावयाचा होता. छिन्नी, पहार व सुरुंग एवढीच साधने. पावसाळ्याचे चार महिने उघड्यावरचे काम जवळजवळ बंद राही, म्हणजे वर्षातून आठच महिने हाती लागत. जूनमध्ये गावी गेलेला मजूर दिवाळीनंतर परत येईल की नाही, यावर पुढील वर्षाचे संपूर्ण काम अवलंबून असे. शिवाय उशिराची किंमत कंपनीस रोज मोजावी लागत होती. १८५६ मध्ये गाडी खोपोलीपर्यंत आली, १८५८ च्या जूनमध्ये खंडाळा-पुणे मार्गही सुरू झाला, आणि मधला घाट तेवढा राहिला. प्रवाशांनी खोपोलीस उतरावे, पालखीत अथवा गाडीत बसून जुन्या घाटरस्त्याने खंडाळा गाठावे व तेथे दुसऱ्या आगगाडीत बसावे, असा क्रम पाच वर्षे चालला.

पोटकंत्राटाची साखळी :

घाटाचे कंत्राट विल्यम फ्रेडरिक फॅव्हिएल या कंत्राटदारास मिळाले व जानेवारी १८५६ मध्ये काम सुरू झाले. फॅव्हिएल नवखे नव्हते. मुंबई-ठाणे मार्गाच्या बांधकामात त्यांचा सहभाग होता. मात्र सपाट प्रदेशातील अनुभव घाटात पुरेसा पडला नाही. त्यांनी कामाचे तुकडे पाडून ते युरोपीय पोटकंत्राटदारांकडे सोपविले. पोटकंत्राटदार मुकादमास काम देई, मुकादम आपली टोळी आणी. टोळीत वडार, पाथरवट, बेलदार यांसारखे पिढीजात कसबी लोक असत, तसेच देश व कोकणातून आलेले शेतमजूर, स्त्रिया व मुलेही असत.

या साखळीत पैसा वरून खाली येताना प्रत्येक टप्प्यावर अडत असे. कंपनी कंत्राटदारास मोजमापानुसार रक्कम देई. परंतु ती मजुराच्या हाती केव्हा व किती पडते, हे पाहण्याची जबाबदारी कोणा एकाची नव्हती. मुकादमाने घेतलेली उचल, कामाच्या मापाविषयीचे तंटे व थकलेला पगार यांतून असंतोष साचत गेला. जानेवारी १८५९ मध्ये त्याचा स्फोट झाला. मजुरांनी युरोपीय देखरेखदारांवर हल्ला केला. सरकारने चौकशी केली, तेव्हा वेतन थकल्याच्या तक्रारीत तथ्य असल्याचे दिसून आले. आपल्याकडे कामगार चळवळीचा इतिहास शिकविताना आपण सामान्यतः गिरणीपासून प्रारंभ करतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो प्रारंभ घाटापासून करावयास हवा.

या व अशा तंट्यांच्या पार्श्वभूमीवर १८६० चा नववा कायदा आला. रेल्वे व इतर सार्वजनिक कामांवरील वेतनाचे तंटे दंडाधिकाऱ्याने त्वरित निकालात काढावेत, अशी त्यात तरतूद होती. मात्र करार मोडून काम सोडणाऱ्या मजुरास शिक्षेची तरतूदही त्याच कायद्यात होती. पगार बुडविणारा व काम सोडणारा यांना एकाच तराजूत तोलणारा हा न्याय होता, आणि तराजू कोणाच्या हाती होता हे वेगळे सांगावयास नको.

ट्रेडवेल यांचे कंत्राट :

१८५९ मध्ये फॅव्हिएल यांनी कंत्राट सोडले. काही महिने कंपनीच्या अभियंत्यांनीच काम चालविले. त्यानंतर इंग्लंडमधील अनुभवी कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल यांस ते देण्यात आले; परंतु भारतात आल्यावर अल्पावधीतच, १८५९ च्या अखेरीस, त्यांचा आजारपणात मृत्यू झाला. त्यांची पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट परत न करता स्वतःकडे ठेवले आणि पतीचे जाणते सहायक अ‍ॅडमसन व क्लाउजर यांना व्यवस्थापक नेमले.

या निर्णयाचे महत्त्व केवळ एका विधवेच्या धैर्यापुरते नाही, जरी बहुतेक लेखन तेथेच थांबते. येथे प्रथमच कंत्राटाची मालकी व कामाचे व्यवस्थापन या दोन गोष्टी स्पष्टपणे वेगळ्या झाल्या. नफा-तोटा मालकिणीचा, रोजची हजेरी, मापे, पगार व साहित्य यांची जबाबदारी पगारी व्यवस्थापकांची. १८६१ मध्ये घाटावर ४२,००० हून अधिक माणसे कामास होती. दोन वर्षांपूर्वी जेथे दंगा झाला तेथेच इतकी माणसे पुन्हा आली, याचा अर्थ मजुरीवरचा विश्वास काही प्रमाणात तरी परत आला असावा. केवळ कायद्याच्या धाकाने एवढे लोक डोंगरावर चढत नाहीत. बर्कले प्रकृती ढासळल्याने मायदेशी परतले व १८६२ मध्ये निधन पावले. तरीही काम थांबले नाही. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्ग खुला झाला.

हिशेबाची दुसरी बाजू :

तथापि या व्यवस्थापनाचे कौतुक करताना सावध राहणे आवश्यक आहे. बेचाळीस हजार माणसे म्हणजे त्या काळातील एक मोठे शहरच. आणि हे शहर झोपड्यांत, पाण्याची वानवा असलेल्या उतारांवर वसलेले होते. पटकीच्या साथी पुनःपुन्हा आल्या. साथ आली की टोळ्या रातोरात घाट उतरत, आणि उतरू न शकलेले तेथेच राहत. मृतांची संख्या हजारोंत होती. किती घनफूट कातळ फोडला याचा हिशेब काटेकोर ठेवणाऱ्या व्यवस्थेने माणसांचा हिशेब तसा ठेवला नाही, कारण मोजमापानुसार पैसे मिळत ते कातळाचे.

लोकस्मृतीने आपला हिशेब निराळ्या रीतीने ठेवला. साहेबाला घाटाची वाट दाखविणारा व त्याबद्दल प्राण गमावलेला शिंग्रोबा धनगर आख्यायिकेत उरला, व जुन्या घाटरस्त्यावर त्याचे देऊळ आजही आहे. आख्यायिका इतिहास नव्हे. परंतु घाट कोणाच्या जिवावर झाला याविषयी लोकांचे मत काय होते, ते तिच्यातून कळते.

बांधकामाच्या दर्जाचा प्रश्नही राहिलाच होता. जुलै १८६७ मध्ये, म्हणजे उद्घाटनास पुरती पाच वर्षेही झाली नसताना, ऐन पावसात घाटातील एक मोठा कमानी पूल कोसळला. त्यानंतर कंपनीच्या मार्गावरील इतर दगडी कामांची तपासणी झाली, तेव्हा अनेक ठिकाणी दगड बाहेरून घडीव व आत भर निकृष्ट असल्याचे आढळले, आणि कित्येक बांधकामे पुन्हा करावी लागली.