पेटती नॅनो आणि ‘रिकॉल’चा कायदा

पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीत ज्वालाग्राही इंधन, तापलेला धातू आणि विजेची ठिणगी या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून अवघ्या हात-दीड हाताच्या अंतरावर नांदत असतात, आणि त्यांना वेगळे राखण्याचे काम काही रबरी नळ्या, तारांवरचे प्लास्टिकचे वेष्टण आणि पत्र्याचे उष्णतारोधक पडदे करीत असतात. पेट्रोलची वाफ शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सिअस तापमानालाही ठिणगीने पेटू शकते. शिवाय ती हवेपेक्षा कित्येक पटींनी जड असल्यामुळे वर विरून न जाता खाली साचते. ठिणगी नसली तरी पुरेशा तापलेल्या पृष्ठभागावर पडलेले पेट्रोल पेट घेऊ शकते, आणि इंजिनातला धूर बाहेर नेणारी एक्झॉस्टची नळी चालत्या गाडीत काहीशे अंशांपर्यंत तापलेली असतेच. त्यामुळे मोटारी अधूनमधून का पेटतात यापेक्षा त्या एरवी का पेटत नाहीत, हाच प्रश्न अधिक विचार करण्याजोगा ठरतो.

मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाड्यांत इंधन आणि हवा यांचे मिश्रण कार्ब्युरेटर करीत असे. तिथे पेट्रोल अगदी कमी दाबाने येई, गळती झाली तर ते थेंबाथेंबाने ठिबके, त्याचा वास प्रवाशांच्या नाकाशी आधी पोचे आणि गॅरेजमधला मिस्त्री नळी बदलून मोकळा होई. पुढे प्रदूषणाचे नियम कडक झाले, तशी कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने, म्हणजे पंपाच्या दाबाने इंधनाचा सूक्ष्म फवारा सोडणाऱ्या यंत्रणेने घेतली. या यंत्रणेतला दाब वातावरणाच्या दाबाच्या तिपटीच्या आसपास असल्याने बारीकशी चीरही ठिबकत न राहता फवारा मारते. याच काळात धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला; त्याची नेमणूक हवा स्वच्छ करण्यासाठी झाली असली, तरी गाडीखाली एक अत्यंत तप्त भाग कायमचा येऊन बसला. त्यात भर पडली ती हौसेची. म्युझिक सिस्टीम, जादा दिवे, रिव्हर्सचा हॉर्न असे काहीबाही बसवताना मूळ वायरिंग सोलून, फ्यूज न घालता जोड देण्याची पद्धत बाजारात रुळली. फ्यूज म्हणजे प्रमाणाबाहेर प्रवाह वाहू लागताच स्वतः वितळून मंडल तोडणारी तार. ती नसली की वितळण्याची पाळी वायरिंगवर येते.

अशा आगींची बातमी होई, चौकशी मात्र क्वचितच. ‘द बर्निंग ट्रेन’ या १९८० सालच्या हिंदी चित्रपटाच्या नावावरून मराठी वर्तमानपत्रांनी ‘द बर्निंग कार’ हा मथळा घडवला आणि तो इतका गुळगुळीत केला, की ‘शॉर्टसर्किट’ हा कारणदर्शक शब्द त्याखाली आला म्हणजे विषय संपला असे मानले जाऊ लागले. जळालेली गाडी ही मालकाच्या दैवाची किंवा निष्काळजीपणाची गोष्ट ठरे. तिच्या जातकुळीच्या इतर गाड्यांचे काय, हे कोणी विचारीत नसे. या समजुतीला पहिला मोठा धक्का टाटा नॅनोने दिला.

पुण्याच्या अभियंत्यांनी आकाराला आणलेली ही गाडी १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात लोकांसमोर आली आणि मार्च २००९ मध्ये मुंबईत विक्रीसाठी जाहीर झाली. एक लाख रुपयांची मूळ किंमत साधण्यासाठी तिचे दोन सिलिंडरांचे, सुमारे ६२४ घनसेंटिमीटर क्षमतेचे इंजिन मागे बसवले होते. मागे इंजिन ही काही नवी कल्पना नव्हे, पण तिचा एक परिणाम असा, की इंजिनापाशी धूर निघू लागला तर समोर पाहणाऱ्या चालकाला तो उशिरा दिसतो. २००९ मध्येच काही गाड्यांत स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून धूर निघाल्याच्या तक्रारी आल्या होत्या. त्यानंतर मार्च २०१० मध्ये मुंबईत मुलुंड येथे शोरूममधून नुकतीच बाहेर पडलेली नवीकोरी नॅनो रस्त्यातच पेटली. चालकाला आगीची कल्पना एका मोटारसायकलस्वाराने दिली आणि कुटुंब सुखरूप बाहेर पडले. पुढच्याच महिन्यात गुजरातमध्ये आणखी एक गाडी जळाली.

कंपनीच्या तपासणीचा निष्कर्ष असा होता, की या घटनांची कारणे त्या त्या गाडीपुरती मर्यादित असून रचनेत दोष नाही. तरीही नोव्हेंबर २०१० मध्ये तिने विकलेल्या सुमारे ७०,००० गाड्यांच्या एक्झॉस्टला आणि विद्युत यंत्रणेला जादा संरक्षण विनामूल्य बसवून देण्याचे जाहीर केले आणि हा ‘रिकॉल’ नव्हे, हे आवर्जून सांगितले. रिकॉल म्हणजे विकलेल्या वाहनांत सुरक्षेला बाधक दोष आढळल्यास उत्पादकाने ती परत बोलावून स्वखर्चाने दुरुस्त करणे. अमेरिकेत १९६६ च्या कायद्यापासून हा व्यवहार रूढ होता, भारतात मात्र त्या शब्दाला अपकीर्तीचा वास येत होता. शब्द टाळून काही साधले नाही. त्याच नोव्हेंबरात नॅनोची विक्री ५०९ गाड्यांपर्यंत घसरली. या घसरणीला कर्ज मिळण्यातली अडचण आणि वितरणातल्या उणिवाही कारणीभूत होत्या, हे खरे; पण पेटलेल्या गाडीचे छायाचित्र लोकांच्या मनात जे घर करून बसते, ते हप्त्यांचे गणित करीत नाही.

नॅनो स्वस्त म्हणून पेटली, हा त्या काळी सर्रास ऐकू येणारा निवाडा उथळ होता, आणि त्याचा पुरावा त्याच वर्षी इटलीतून मिळाला. फेरारी कंपनीच्या ‘४५८ इटालिया’ या कोट्यवधी रुपयांच्या मोटारी ठिकठिकाणी पेटू लागल्या, तेव्हा मागच्या चाकांवरच्या कमानीतला उष्णतारोधक पडदा चिकटवण्यासाठी वापरलेला गोंद इंजिन-एक्झॉस्टच्या उष्णतेने पेट घेऊ शकतो, असे आढळले. सप्टेंबर २०१० मध्ये कंपनीने तोवर तयार झालेल्या १,२४८ गाड्या उघडपणे परत बोलावल्या आणि गोंदाऐवजी धातूचे जोड वापरले. जगातली सर्वांत स्वस्त मोटार आणि एक अतिमहाग मोटार एकाच वर्षी पेटल्या. दोघींतला लक्षणीय फरक किमतीपेक्षा कबुलीचा होता.

भारतीय मोटार उत्पादकांच्या ‘सियाम’ या संघटनेने जुलै २०१२ पासून ऐच्छिक रिकॉलची आचारसंहिता लागू केली. ऐच्छिक म्हणजे दोष मानावा की नाही, हे उत्पादकानेच ठरवायचे, त्यामुळे ती सुरुवात असली तरी तिला दात नव्हते. मात्र रिकॉल या शब्दाची लाज या संहितेमुळे ओसरू लागली, हे तिचे श्रेय नाकारता येणार नाही. २०१९ च्या मोटार वाहन (सुधारणा) कायद्यात कलम ११०-अ घालण्यात आले आणि पर्यावरणाला, चालकाला, प्रवाशांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना अपाय करू शकणाऱ्या दोषासाठी वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला प्रथमच मिळाला. त्याखालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलात आले. त्यांत विक्रीच्या प्रमाणात ठराविक टक्के तक्रारी आल्यास रिकॉल सक्तीचा होतो आणि उत्पादकाला १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र हे नियम सात वर्षांपेक्षा जुन्या नसलेल्या वाहनांनाच लागू आहेत. नॅनोचे उत्पादन त्याआधीच थांबले होते, आणि २०१० साली रस्त्यावर आलेल्या नॅनो तोवर अकरा वर्षांच्या झाल्या होत्या.