‘मिलिटरी ग्रेड’ची भुरळ

पावसाळा तोंडावर आला की ट्रेकच्या सामानाच्या दुकानांत एक शब्दजोड ठळक अक्षरांत झळकू लागते: ‘मिलिटरी ग्रेड’. सॅक मिलिटरी ग्रेड, बूट मिलिटरी ग्रेड, टॉर्च तशीच आणि मोबाइलचे कव्हरही तसेच. त्याच्या जोडीला ‘टॅक्टिकल’ हा दुसरा मंत्र. काळा किंवा शेवाळी रंग, अंगभर शिवलेल्या आडव्या पट्ट्या आणि किंमत दीडपट. घेणाऱ्याचा युक्तिवाद ठरलेला असतो: जिथे चुकीला माफी नाही तिथे जे चालते, ते आपल्या गडकोटांच्या भटकंतीला चालणारच.

हा पूर्वपक्ष दुबळा करून मांडण्यात अर्थ नाही. त्याच्या बाजूने पुरावा आहे. डबाबंद अन्नाला चालना मिळाली ती नेपोलियनच्या काळातल्या फ्रेंच फौजेच्या गरजेतून. जीपीएस अमेरिकी संरक्षण खात्याचे अपत्य आहे. आणि सर्वांत बिनतोड उदाहरण म्हणजे टूर्निके, हातापायाचा रक्तस्राव थांबवणारा आवळपट्टा. एके काळी नागरी वैद्यकात त्याकडे शेवटचा, धोक्याचा उपाय म्हणून पाहिले जाई. इराक आणि अफगाणिस्तानात अमेरिकी फौजेने तो प्रत्येक सैनिकाच्या खिशात दिला, त्यातून जीव वाचल्याचे दिसले, आणि आज तो रुग्णवाहिकांतही आहे. एवढे मान्य करूनच पुढे जाऊ. माझा आक्षेप सैन्याच्या अनुभवावर नाही. त्या अनुभवाला सरसकट दर्जाचे प्रमाणपत्र समजण्यावर आहे.

आधी ते प्रमाणपत्रच पाहू. जाहिरातीत ज्याचा हवाला हमखास असतो ते ‘मिल-स्टँडर्ड-८१०’ हे अमेरिकी संरक्षण खात्याचे दस्तऐवज आहे. त्याची पहिली आवृत्ती १९६२ ची, ‘एच’ ही आवृत्ती २०१९ ची. उष्णता, थंडी, धूळ, क्षारयुक्त फवारा, कंप, आपटणे अशा कितीतरी चाचण्या प्रयोगशाळेत कशा घ्याव्यात हे ते सांगते. यांतल्या कोणत्या घ्यायच्या, किती कडक घ्यायच्या, हे वस्तू कुठे वापरायची त्यावरून ठरवा, असे ते दस्तऐवज स्वतःच बजावते. त्यात सर्व वस्तूंसाठी ‘उत्तीर्ण’चा एकच शिक्का नाही आणि व्यापारी मालाला असा शिक्का देणारी सरकारी कचेरीही नाही. कंपनी आपल्या सोयीच्या दोन-तीन चाचण्या आपणच निवडते, आपणच घेते आणि आपणच छापते. आपटण्याच्या प्रसिद्ध चाचणीत १२२ सेंटीमीटरवरून २६ वेळा वस्तू पाडतात. पण हे २६ आघात पाच नगांत वाटून घ्यायची मुभा ‘जी’ आवृत्तीत आहे. त्यामुळे खोक्यावरचा ‘८१०’ वाचून, ही टॉर्च कातळावर सव्वीस वेळा आपटली तरी जळत राहील, असा अर्थ काढणाऱ्याची फसगत ठरलेली.

शिवाय लष्करी विनिर्देश हे खरेदीदाराने लिहिलेले किमान अपेक्षांचे वर्णन असते. ते पूर्ण करणाऱ्यांत सर्वांत स्वस्त निविदेला काम मिळते. आपल्याकडे सरकारी भाषेत त्याला ‘एल-वन’ म्हणतात. किमान अपेक्षा आणि किमान किंमत यांच्या संगमावर सर्वोत्कृष्ट वस्तू निपजेलच, असे मानायला श्रद्धाच हवी.

आता इतिहासाची साक्ष. फौजेतून बाजारात आलेल्या वस्तूंची यादी सगळ्यांना पाठ असते, उलट दिशेने गेलेल्यांची नसते. गोर-टेक्सचा पडदा १९६९ मध्ये रॉबर्ट गोअर यांनी टेफ्लॉन झटक्यात ताणून शोधला. १९७६ मध्ये तो सिअ‍ॅटलच्या एका छोट्या कंपनीच्या तंबूंतून आणि पावसाळी कपड्यांतून भटक्यांच्या हाती आला; अमेरिकी सैन्याच्या थंडीच्या कोटात तो उतरला ते १९८० च्या दशकात. स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये केव्हलारचे धागे शोधले तेव्हा ड्युपाँ कंपनीच्या डोक्यात टायर होते, चिलखत नव्हते. पोलार फ्लीस ही कापडगिरणी आणि गिर्यारोहणाचे कपडे शिवणारी कंपनी यांच्या भागीदारीतून आली. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश सैनिकांचे सरकारी बूट पाणी आत घेत. ओल्या थंडीने पाय सडू लागले. अनेकांच्या पाठीवर गिर्यारोहकांच्या दुकानातून स्वखर्चाने घेतलेल्या सॅक होत्या. आजही विशेष दलांना कपडे पुरवणाऱ्यांत व्हँकुव्हरची ‘आर्कटेरिक्स’ आहे, तिचा जन्म कातळारोहणाच्या हार्नेसमधून झाला. म्हणजे कमांडोचा फोटो पाहून आपण ज्या वस्तूला ‘फौजी’ म्हणतो, ती बऱ्याचदा आपल्यासारख्याच डोंगरवेड्यांसाठी बनलेली असते.

आपल्या सैन्याचा अनुभवही वेगळा नाही. १३ एप्रिल १९८४ रोजी ‘ऑपरेशन मेघदूत’मध्ये जवान सियाचिनवर उतरले ते परदेशातून घाईने आणलेल्या बर्फाळ प्रदेशातल्या कपड्यांच्या बळावर. त्यानंतर तीन दशकांनी काय स्थिती होती, ते महालेखापरीक्षकांच्या फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत ठेवलेल्या अहवालात आहे: नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात बहुउपयोगी बूट मिळालेच नाहीत, जुनेच पुन्हा दुरुस्त करून वापरावे लागले, बर्फाच्या चष्म्यांचा तुटवडा ६२ ते ९८ टक्के होता. जवानाच्या सोशिकतेला सलाम करावा. पण त्या सोशिकतेचे श्रेय त्याच्या बुटांना देऊ नये.

‘अहो, पण पैसा असेल तर सैन्य उत्तमच घेते’, असे यावर म्हणता येईल. अमेरिकेपेक्षा जास्त पैसा कोणत्या सैन्याकडे आहे? त्या सैन्याने २००४ मध्ये नवा गणवेश जाहीर केला. त्याची नक्षी होती ‘युनिव्हर्सल कॅमफ्लाज पॅटर्न’: फिकट राखाडी, वाळूच्या आणि हिरवट करड्या रंगाचे बारीक चौकोन. कल्पना आकर्षक होती. वाळवंट, जंगल आणि शहर या तिन्हींसाठी एकच कपडा. प्रत्यक्षात ती कुठल्याच पार्श्वभूमीशी जुळेना. कारण साधे आहे. लपण्यासाठी नक्षीत दोन मापे लागतात, जवळून पाहणाऱ्याला चकवणारा बारीक पोत आणि दुरून माणसाची आकृती फोडणारे मोठे, गडद-फिकट पट्टे. या नक्षीत फक्त पहिले होते. थोडे अंतर पडताच ते चौकोन डोळ्यांत मिसळून एकच फिकट राखाडी माणूस दिसे. काळा रंग तर त्यात मुद्दाम ठेवलाच नव्हता. अफगाणिस्तानच्या तपकिरी-हिरव्या डोंगरांत सैनिकांनी तक्रारी केल्या, २००९ मध्ये अमेरिकी काँग्रेसने लक्ष घातले, आणि २०१० पासून तिथल्या तुकड्यांना ‘मल्टिकॅम’ ही दुसरी नक्षी दिली. ती ब्रुकलिनच्या एका खासगी कंपनीची होती. जुनी नक्षी पूर्णपणे निवृत्त व्हायला ३० सप्टेंबर २०१९ उजाडावे लागले. जगातल्या सर्वांत श्रीमंत फौजेने वर्षानुवर्षे आपल्या माणसांना चुकीच्या रंगात उभे केले. आणि त्याच काळात तीच नक्षी छापलेल्या सॅक जगभर ‘आर्मी प्रूव्हन’ म्हणून विकल्या जात होत्या, हा यातला विनोद.

समजा, सैन्याने अचूक निवड केली. तरी ती आपल्याला लागू पडते का? माझ्या मते वादाचे मूळ इथे आहे. २००६ मध्ये अमेरिकी मरीन्सना इराकमध्ये छावणीबाहेर पॉलिएस्टर आणि नायलॉनचे व्यायामाचे कपडे घालायला बंदी झाली. हेच ते घाम शोषून झटपट वाळणारे टी-शर्ट, ज्यांची प्रत्येक ट्रेकर शिफारस करतो. सुरुंग फुटून आग लागली की ते वितळून कातडीला चिकटत आणि भाजण्याच्या जखमा चिघळत. सैनिकाला आगीची भीती आधी, ओलाव्याची नंतर. भर पावसात राजगड चढणाऱ्याला आग लागण्याची शक्यता जवळजवळ शून्य आणि भिजून गारठण्याची पुरेपूर. म्हणजे एकासाठी शहाणपणाचे कापड दुसऱ्यासाठी घातक आहे, आणि यांतले कुठलेही ‘वरच्या दर्जाचे’ नाही.

पॅराकॉर्डचेही तसेच. पॅराशूटच्या या दोरीची ताकद साडेपाचशे पौंड, म्हणजे सुमारे अडीचशे किलो. तिचे मनगटी कडे घालून फिरणारे पुष्कळ दिसतात. तंबू ताणायला, बुटाची नाडी म्हणून ती छान आहे. पण तिच्या भरवशावर कातळटप्पा उतरणे म्हणजे जिवाशी खेळ. आरोहणाच्या दोरासाठी ‘ईएन ८९२’ हे युरोपीय मानक आहे: ऐंशी किलोचे वजन ठरलेल्या उंचीवरून किमान पाच वेळा पडले तरी दोर टिकला पाहिजे आणि पहिल्या झटक्यात पडणाऱ्यावर बारा किलोन्यूटनपेक्षा जास्त ताण येता कामा नये. हे मानक नागरी आहे, नीरस आहे, आणि जीव त्यावर टांगलेला असतो.

ओझ्याचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो सैनिकालाही लागू आहे. अमेरिकी लष्करी इतिहासकार एस. एल. ए. मार्शल यांनी १९५० मध्येच एका छोट्या पुस्तकात बजावले होते की, सैनिकाच्या पाठीवर आपण आपली भीती लादतो. २००३ मध्ये अफगाणिस्तानात प्रत्यक्ष मोजणी झाली तेव्हा साध्या बंदूकधारी सैनिकाचे लढाईतले ओझे सुमारे २९ किलो निघाले; लांबच्या चालीत ते चाळीसच्या पुढे गेले. प्रत्येक वस्तू एकेकटी पाहिली तर आवश्यक होती. पानिपतावर बाजारबुणग्यांचे काय झाले ते मराठी वाचकाला सांगायला नको. नवी साधने म्हणजे अधिक साधने, असा अर्थ घेतला की फौज मंदावते. म्हणून डीआरडीओ आणि आयआयटी दिल्ली यांनी २०२४ मध्ये जाहीर केलेल्या ‘अभेद’ जॅकेटमध्ये मला गोळी अडवण्याइतकाच वजनाचा आकडा महत्त्वाचा वाटतो. त्यातल्या सर्वांत हलक्या प्रकाराचे वजन ८.२ किलो आहे.

आपल्या सह्याद्रीत तर ‘टॅक्टिकल’ सॅकचा भार निव्वळ हौसेचा. जाड हजार डेनिअरचे कापड जड. बाहेरच्या पट्ट्या खिसे आणि पाऊच अडकवण्यासाठी असतात. अडकवायला काही नसेल तर त्या पाणी पितात आणि कारवीच्या रानात फांद्या पकडतात. जड बूट त्याहून वाईट, कारण पायातला एक किलो पाठीवरच्या साधारण पाच किलोंइतका दमवतो. महागड्या श्वास घेणाऱ्या जॅकेटचेही कोकणकड्यावर जमत नाही, कारण आतली वाफ बाहेर पडायला बाहेरची हवा कोरडी किंवा थंड लागते आणि जुलैत आपल्याकडे ती दोन्ही नसते. खालून उघडे असलेले इरले घेऊन चिखलणी करणारा शेतकरी या बाबतीत अधिक शास्त्रशुद्ध वागतो.

ज्यांना खरोखर व्यावसायिक म्हणावे असे लोक इथेही आहेत: तळेगावजवळ सुदुंबरे येथील एनडीआरएफची पाचवी बटालियन, लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग’सारखी स्वयंसेवी पथके. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा वर गाडीरस्ता नव्हता. धो-धो पावसात, घसाऱ्याच्या वाटेने जे काही न्यायचे ते माणसाच्या पाठीवरूनच गेले आणि बरेचसे खोदकाम हातांनी झाले. अशा वेळी हलका दोर, प्रमाणित हेल्मेट, पाण्यात चालणारी हेडटॉर्च आणि दुरून दिसणारे भडक कपडे कामाला येतात. तिथे शेवाळी नक्षीचा काय उपयोग? हरवलेला किंवा पडलेला माणूस शोधताना तर ती शत्रूच.

मग साहित्य पारखायचे कसे? वस्तूच्या कामाचे नेमके मानक विचारावे. दोराला ‘ईएन ८९२’, गिर्यारोहणाच्या हेल्मेटला ‘ईएन १२४९२’, गोळीरोधक जॅकेटला भारतीय मानक ‘आयएस १७०५१’, टॉर्चला पाणीरोधकतेचा ‘आयपी’ आकडा. मग वजन विचारावे, ग्रॅममध्ये. या दोन प्रश्नांना जो विक्रेता ‘साहेब, आर्मीवाले हेच वापरतात’ असे उत्तर देतो, त्याच्याकडून दोर तरी घेऊ नये. सरकारी खरेदीतही हेच व्हावे: वापरणाऱ्या जवानाकडून, पोलिसाकडून, बचाव पथकाकडून आधी थोडे नग प्रत्यक्ष मैदानात वापरून घ्यावेत, आणि एल-वनचा हिशेब त्यानंतर मांडावा.

राहिली ती सैन्याची नक्षी. ‘निफ्ट’ या फॅशन संस्थेच्या मदतीने तयार झालेला आणि १५ जानेवारी २०२२ च्या सेनादिनी सादर झालेला भारतीय सैन्याचा नवा लढाऊ गणवेश नोंदणीकृत आहे, त्याची बाजारातली नक्कल बेकायदा आहे. तो सैनिकांसाठी ठेवावा. गडावर जाताना नारिंगी किंवा लाल घाला, म्हणजे वेळ आलीच तर शोधणाऱ्यांना तुम्ही दिसाल.